धुऱ्यावरची आग

थोरल्या दिराशी मी कधी समोरासमोर बोलले नव्हते. आमच्याकडं त्याला भाया म्हणतात. भाया दिसला की बाईनं पदर ओढून बाजूला व्हायचं. त्यांनी काही विचारलं तर जावेला उत्तर द्यायचं, जाऊ जवळ नसेल तर भिंतीला द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तसंच केलं. माझं माहेर इस्लापूरकडचं. धबधब्याच्या आवाजात राहून तिकडच्या बाया मोठ्यानं बोलायला शिकतात, असं सासरचे लोक हसून म्हणायचे. मी तेवढी त्यात मुकी निघाले. औशाच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं शेत आहे. शेतातच दोन घरं. रस्त्याजवळचं स्लॅबचं घर भायाचं, मधल्या अंगणाच्या पलीकडं पत्र्याचं माझं.

नवरा होता तोवर माझं बोलणं तोच बोलायचा. तो वारल्यावर ते काम कुत्र्याकडं आलं. म्हणजे मी कुत्र्याशी बोलायची, आणि ज्यानं ऐकायचं त्याला ऐकू जायचं.

सासऱ्यानं वावराच्या वाटण्या जिवंतपणीच केल्या होत्या. मधी हद्दीचा धुरा घातला, धुऱ्यावर दगड पुरले. नवरा गेल्यावर तो धुरा चालायला लागला. दरसाल नांगरट झाली की माझ्या अंगानं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, कमी व्हायचं. दगड आपोआप उपटून बांधाच्या कडेला पडायचे. गावातल्या कुणाला सांगणार? माझी लेक नांदेडला दिलेली. ती फोनवर म्हणायची, "आई, तू तलाठ्याकडं जा, मोजणी आण." मी तलाठ्यासमोर उभी राहून काय बोलणार होते? मला रेशनच्या दुकानात माझं नावसुद्धा दुसऱ्यांदा सांगावं लागायचं, कारण पहिल्यांदा कुणाला ऐकूच जायचं नाही.

कुत्र्याला मात्र सगळं ऐकू जायचं. तांबड्या रंगाचं, एक कान मोडलेलं साधं गावठी कुत्रं. नवऱ्यानं औशाच्या बाजारातून भाजीच्या पिशवीत घालून आणलं होतं. मी त्याला नाव ठेवलं नाही. यू यू केलं की यायचं. दिवसभर ते धुऱ्यावर बसायचं आणि भाया अलीकडं पाऊल टाकायचा तेव्हाच भुंकायचं. मी दारातून ओरडायची, म्हणजे माझ्या मानानं ओरडायची, "गप रे. चोर न्हाईत ते. त्यांना वाटलं त्यांचंच वावर हाय. वय झालं की माणसाला धुरा दिसत न्हाई."

भाया तिकडून जावेला म्हणायचा, "कुत्र्याला लई शिकवून राहिली ती."

मी कुत्र्याला म्हणायची, "बघ, शिकलेलं बरं असतं. न्हाई शिकलं की माणूस दुसऱ्याच्या दगडाला लाथा मारतो."

जाऊ तोंडाला पदर लावून हसायची. तिला हसू येतं हे भायाला चालायचं नाही. पण मी त्यांना काही बोललेच नव्हते, मग ते मला काय म्हणणार? मी माझ्या कुत्र्याशी बोलत होते. असं आमचं भांडण चालायचं आणि खरं सांगायचं तर त्या भांडणात मला मजा यायची. विधवा बाईला एवढी मजा कुणी देत नाही.

गेल्या हिवाळ्यात भायाच्या पोराचं लग्न जमायला आलं. मुलगी मुदखेडकडची. तिकडचे लोक घर बघायला येणार होते. घर बघायला म्हणजे घर कमी आणि वावर जास्त बघतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आदल्या दिवशी दुपारी जाऊ माझ्या दारात आली. हाताला हरभऱ्याच्या डाळीचा वास, पुरण शिजायला टाकून आली होती.

"ते म्हणाले, उद्या कुत्र्याला कोठ्यात बांध."

"बांधते की."

"अन्..." ती खाली बघायला लागली. "वावर एकच म्हणून दाखवायचं हाय. रस्त्यापासून त्या लिंबापर्यंत. पाहुण्यांना फोनवर तसं सांगून झालंय. तू उद्या काही बोलू नको."

"बाई, मी कधी बोलले?"

"तसं न्हाई गं. आपल्याच लेकराचं लग्न हाय. एकदा जमलं की झालं. वावर काय पाहुणे उचलून नेणार हायेत का?"

पाहुणे नेणार नव्हते. पण आज दाखवलेलं वावर उद्या सांगितलं जातं आणि परवा नांगरलं जातं. लिंबाखाली माझ्या नवऱ्याला अग्नी दिलेला आहे. तिथं दगड उभा आहे आणि आमच्याकडं रीत आहे, अग्नीच्या जागेवरून नांगर नेत नाहीत, वळसा घालतात. भाया तो दगडही आपल्या वावरात मोजणार होता.

संध्याकाळी भाकरी टाकताना मी कुत्र्याला नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "उद्या पाहुणे येणार हायेत. नीट वाग. त्यांना धुरा दाव. जिथं तू बसतो ना, तिथं जाऊन बस, म्हणजे त्यांना कळंल कुणाचं कुठपर्यंत हाय."

अंगणाच्या पलीकडं भाया बाजेवर बसून दाढी करून घेत होता. न्हावी हसला. भाया हसला नाही.

सकाळी मी पाणी तापवायला उठले तर कुत्रं दारात नव्हतं. गोठ्यामागं हौदाजवळ पडलेलं सापडलं. तोंडाला फेस, पाय ताणलेले, पोट वरखाली होत होतं. मी ताक आणून तोंडात ओतलं, मिठाचं पाणी ओतलं, ते तसंच बाहेर आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही मला कळलं नाही. डोळे उघडे होते एवढं खरं. दिवस उगवला आणि पोट हलायचं थांबलं.

त्याच्या तोंडाजवळ पुरणपोळीचा तुकडा होता. तुपात भिजवलेला. मी उचलून हुंगला. जायफळाचा वास आणि खाली फवाऱ्याच्या औषधाचा. त्या दिवशी आमच्या पंचक्रोशीत एकाच घरात पुरण शिजलं होतं. कुत्र्याला एवढ्या तुपाची पोळी आजवर कुणी दिली नव्हती. बिचाऱ्यानं शेपूट हलवत खाल्ली असणार, मनात म्हणालं असणार, आज हे माणूस सुधारलं.

जाऊ नंतर म्हणाली की तू आदल्या दिवशी तसं बोलली नसतीस तर ते वाचलं असतं. मी तसं मानत नाही. माझ्या तोंडात शब्द होते, त्यांच्या हातात औषध होतं. कशानं मेलं ते कुत्र्याला विचारा.

भाया अंगणात आला. नवं धोतर, डोक्याला तेल. हातात चऱ्हाट होतं. त्यानं ते माझ्या दारासमोर टाकलं आणि आपल्या बायकोकडं तोंड करून म्हणाला, "सांग तिला. वढ्यात नेऊन टाक म्हणावं. पाहुणे यायच्या आत. वास नको."

जावेनं पदराला हात पुसले. तिला माहीत होतं. तिच्याच तव्यावरची पोळी होती.

"मेलं की वढायचंच असतं. चऱ्हाट दिलंय," भाया पुन्हा म्हणाला आणि गेला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं की उत्तर कुणाला देऊ? कुत्रं नाही. आता मला भिंतीशीच बोलायचं होतं. तेव्हा माझ्यात जे पेटलं त्याला मी आजपर्यंत राग म्हणत नाही. राग येतो आणि जातो. हे तसं नव्हतं. हे येऊन बसलं.

मी लेकीला फोन केला. ती रडली, मग शहाण्यासारखं बोलायला लागली. "आई, इथं नांदेडला एक माणूस हाय, कुत्र्यामांजरांना नीट जाळून देतो. पण तू आणणार कसं? यष्टीवाला घेणार न्हाई. तू असं कर, खड्डा खंद, खाली मीठ टाक, वर मीठ टाक, पूर. डॉक्टर असंच सांगतात."

"पुरायचं न्हाई."

"का?"

"नांगरंल तो."

तिला समजलं. पुरलं तर पुढच्या नांगरटीला भाया त्याच्यावरून ट्रॅक्टर घालणार, हाडं वर येणार, आणि तो ती पायानं बाजूला सारणार. माझे दगड सारले तसे. पण अग्नीची जागा कोण नांगरणार?

मी तिला म्हणाले, "मी जाळणार हाय त्याला. धुऱ्यावर. जुन्या धुऱ्यावर."

"आई, कुत्र्याला अग्नी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. मी फोन ठेवते."

माझ्या वावराच्या दुसऱ्या अंगाला अप्पांचं वावर. गावात त्यांचं किराणा दुकान आहे. लिंगायत माणूस, कपाळाला रोज भस्म, मला अक्का म्हणतात. सकाळी हरभऱ्याला पाणी द्यायला आले होते. मी जाऊन उभी राहिले. कसं सांगावं कळेना, म्हणून पोळीचा तुकडा त्यांच्या पुढं धरला. त्यांनी हुंगला, माझ्या घराकडं बघितलं, मग भायाच्या घराकडं, आणि तुकडा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

"मेलं?"

मी मान हलवली.

"अरारा. चांगला जीव होता. माझ्या बी हरभऱ्यातली डुकरं हाकलायचा, फुकटात." त्यांनी मोटार बंद केली. "अक्का, टिकाव हाय माझ्याकडं. चांगला खड्डा काढतो. आमच्यात तर माणसाला बी बसवून पुरतात. माती काय वाईट न्हाई."

"माती दरसाल थोडी त्यांची होत जाती."

अप्पांना समजायला वेळ लागला नाही. दुकानदार माणूस, मापात काय मारलं जातं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांनी टिकाव खाली ठेवला. "मग जाळायचं म्हणता. मला त्यातलं काही कळत न्हाई बघा. आमचा बाप बी बसवला, आजा बी बसवला. लाकडं किती लागतात, ती बी ठावं न्हाई."

मला माहीत होतं. नवऱ्याच्या वेळी बघितलं होतं. खाली बाभळीचे ओंडके, त्यावर गोवऱ्या, मग तो, मग पुन्हा गोवऱ्या आणि वर कापसाच्या पळाट्या. बाभळीची लाकडं मी पावसाळ्यासाठी ठेवली होती. तुरीची काढणी झाली होती, तुराट्यांचा ढीग दारातच होता. अप्पांनी लाकडं वाहिली. माझ्या बाजेवर कुत्र्याला ठेवून आम्ही दोघांनी धुऱ्यापर्यंत नेलं. वाटेत अप्पा म्हणाले, "अक्का, हळू. हे मेल्यावर लई जड झालं. जिवंतपणी तर नुसतं शेपूट होतं."

मला हसू आलं. मग लाज वाटली. मग वाटलं, कशाला लाज? हसायला आवडायचं त्याला.

उचलायच्या आधी कुत्र्याला गुंडाळायला काय घ्यावं म्हणून मी पेटी उघडली होती. वर नवीन टॉवेल आणि टोपी होती. पाहुण्यांच्या वडिलधाऱ्याला मान म्हणून द्यायला भायानं जावेकडून माझ्याकडं पाठवली होती. म्हणजे मान त्यांचा, हात माझा, आणि पाहुण्यांना दिसायचं की घर एक आहे. टोपी पेटीत ठेवली. टॉवेल घेतला. पांढरा, लाल काठाचा. त्यात गुंडाळल्यावर मोडका कान तेवढा बाहेर राहिला.

विस्तव घरच्या चुलीतला नेला, मडक्यात घालून. हे कुणी शिकवावं लागत नाही, मयतीला विस्तव घरातूनच नेतात. अप्पा म्हणाले, "मडकं कशाला, माझ्याकडं काडीपेटी हाय की." मी मडकंच नेलं. धुरा जुन्या जागी नव्हताच, पण मला तो डोळे मिटून दाखवता आला असता. लिंबाला माझ्या अंगाला ठेवून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ. भायानं त्या रेघेच्या कितीतरी अलीकडं हरभरा पेरला होता. मी त्याचा हरभरा उपटला, जागा मोकळी केली आणि बरोबर त्या रेघेवर लाकडं रचली. तूप मी जावेचंच वापरलं. आदल्या दिवशी तिनं वाटीभर मागून नेलं होतं ते सकाळी परत केलं होतं, कुत्रं मेलेलं बघून.

आग पेटली. धूर रस्त्याच्या दिशेनं गेला. मी पदर डोक्यावरून पुढं ओढून खाली बसले. अप्पा लिंबाच्या बुडाशी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

पाहुणे लवकर आले होते. भायानं त्यांना जेवणाच्या वेळी बोलावलं होतं, पण लांबून येणारी माणसं ऊन व्हायच्या आत निघतात. जीपमधून आधी एक म्हातारा उतरला, फेटा बांधलेला, मागून दोन पुरुष, मग एक जाड अंगाची बाई, मुलीची आत्या असावी. ते उभे राहून बघायला लागले. शेतात आग, आगीजवळ पदर ओढून बसलेली बाई, शेजारी उघड्या डोक्याचा माणूस, पायाशी काळं मडकं. दुसरं काय वाटणार?

म्हाताऱ्यानं चपला काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या. ते वावरातून आमच्याकडं आले.

म्हातारा हलक्या आवाजात अप्पांना म्हणाला, "राम राम. कोण गेलं?"

अप्पांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघितलं. मी पदर आणखी पुढं ओढला. मला वाटलं असतं तर मी उठून सांगितलं असतं. मला वाटलं नाही. अप्पांनी हात जोडले आणि नुसते "काय सांगायचं" म्हणाले.

म्हाताऱ्यानं आणखी विचारलं नाही. मयतीच्या जागी जास्त विचारत नाहीत. त्यानं बाजूच्या ढिगातली एक तुराटी उचलली आणि आगीवर ठेवली, हात जोडले. मागचे दोघे पुढं आले, त्यांनी एकेक गोवरी टाकली. आत्याबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"नाही ताई, नाही. होणारं होतंच," ती म्हणाली. "पुरुष माणसं कुठं हायेत? बाईला एकटीला बसवलंय आगीपाशी?"

त्या वेळी मला खरोखर रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं.

तेवढ्यात भाया पळत आला. फेटा बांधायला घेतला होता, अर्धा डोक्यावर, अर्धा हातात.

"पाहुणे! अहो पाहुणे! ते कुत्रं हाय!"

म्हाताऱ्यानं वळून बघितलं. "काय?"

"कुत्रं, कुत्रं! हिचं! मेलं सकाळी. ही बाई जरा अशीच हाय, नवरा गेल्यापासून..." त्यानं कपाळाजवळ बोट फिरवलं. "चला, चला घरी. पुरण झालंय."

म्हाताऱ्यानं आपल्या हाताकडं बघितलं. त्यानं नुकतीच त्या कुत्र्याला तुराटी दिली होती. त्याच्या मागचा एक जण खाली मान घालून हसला. मग आत्याबाईनं विचारलं, "कशानं मेलं?"

"म्हातारं झालं होतं."

कुत्रं म्हातारं नव्हतं. अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ते बोलतील. पण अप्पा माझ्याकडं बघत राहिले, जणू मापाचं काम माझं आहे.

मी पदर मागं केला आणि भायाच्या तोंडाकडं बघून बोलले. त्यांच्या डोळ्यांत मी आजवर कधी बघितलं नव्हतं. डोळे माझ्या नवऱ्यासारखेच होते. त्यानं मला आणखी चेव आला.

"तुम्ही टाकलेली पुरणपोळी खाऊन मेलं. त्यात फवाऱ्याचं औषध होतं. तुकडा अप्पांच्या खिशात हाय, पाहुण्यांना हुंगू द्या." आवाज बारीकच निघाला, पण कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "अन् ही आग जिथं हाय तिथं माझा धुरा हाय. इथून पलीकडं तुमचं, अलीकडं माझं. तो लिंब माझा. त्याच्याखाली तुमचा भाऊ हाय."

आगीत बाभळीची गाठ फुटली.

म्हातारा म्हणाला, "फोनवर तुम्ही लिंबापर्यंत म्हणालात न्हवं?"

"घरचंच हाय ना हो! एकच घर हाय आमचं. बायामाणसांचं काय ऐकता?"

"एकाच घरात कुत्र्याला पोळीतून औषध घालतात व्हय?" आत्याबाई म्हणाली. तिचा आवाज माझ्यासारखा नव्हता, पार रस्त्यापर्यंत गेला. "आमच्या लेकीला उद्या कशातून घालाल, काय सांगावं! दादा, चला. आपण आगीत लाकूड टाकलं. आता आंघोळ केल्याबिगर कुणाच्या दारात पाय ठेवायचा न्हाई. पुरण तर लांबच राहिलं."

"आत्याबाई, कुत्रं हाय ते! कुत्र्याचं कुठं सुतक असतं?"

"तुमचं नसंल. आम्ही गोवरी टाकली."

त्यांनी माझ्या हौदावर पाय धुतले. मी हंडा भरून दिला. म्हाताऱ्यानं चूळ भरली, माझ्याकडं बघून मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसला. भायाच्या दारात कुणी गेलं नाही. जाऊ उंबऱ्यात कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिच्याबद्दल मला त्या क्षणी वाईट वाटलं पाहिजे होतं. नाही वाटलं. नंतर वाटलं, थोडंसं.

जीप गेल्यावर भाया माझ्या अंगावर धावून आला. अप्पा मधी आले. "हां, हां. मयतीच्या जागी हात उचलू नका," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की भायाचा हात खाली आला. खरंतर तिथं एक कुत्रं जळत होतं. पण पाहुण्यांनी लाकडं टाकली होती, चपला काढल्या होत्या. आता ते कुत्रं आहे म्हणून कुणालाही सांगता येत होतं, तरी ती मयत होती.

त्या दिवशी त्यांच्या घरी केलेलं पुरण कुणी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी जावेनं ते गाईला घातलं. मी पत्र्याच्या घरात बसून त्याचा आंबट वास घेतला आणि पोटभर जेवले. माझी चटणी-भाकरी त्या दिवशी कशी लागली ते मी कुणाला सांगू शकणार नाही. कुत्रं गेल्याचं दुःख होतंच. दुःख आणि भूक एकत्र राहू शकतात.

जाऊ रात्री रडत दारात येऊन बसली. म्हणाली, "तुला काय मिळालं?"

"मिळालं."

"पोराचं लग्न मोडलं."

"दुसरं जमंल. पोरगा चांगला हाय. बाप सोडून सगळं चांगलं हाय त्याचं."

ती रडायची थांबली आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की नाही ते मी बघितलं नाही.

पोराचं लग्न पुढं जमलं, निलंग्याकडं. त्या पाहुण्यांना भायानं घर दाखवलं, वावर दाखवलं. धुऱ्यापर्यंतच दाखवलं. मी दारात उभी होते, पदर डोक्यावर, पण तोंडावर नाही. ते सरळ माझ्याकडं न बघता पाहुण्यांना म्हणाले, "तिकडलं आमच्या धाकट्या भावजयीचं." शब्द ओढून काढल्यासारखे निघाले. मला ते शब्द दहा वेळा ऐकायला आवडले असते.

उन्हाळ्यात नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर औशाकडचा, नवीन माणूस. भायानं त्याला लांबून हात करून दाखवलं की जा, सरळ जा, लिंबाच्या अंगानं घाल. जुनी सवय जात नाही. ट्रॅक्टर आला आणि काळ्या जागेच्या अलीकडं थांबला. तिथं अजून राख होती, अर्धवट जळालेला ओंडका होता. त्यावर मी एक दगड उभा केला होता, नवऱ्याच्या दगडापेक्षा लहान.

"मालक, इथं कुणाला तरी अग्नी दिलाय," ड्रायव्हर म्हणाला.

"कुत्रं होतं रे ते!"

"कुत्र्याला कुणी दगड लावतं का?" तो म्हणाला. "मी न्हाई घालत यावरून. माझी बायको पोटुशी हाय. तुम्ही बसा अन् तुम्ही चालवा."

भाया रागानं ट्रॅक्टरवर चढला. मी दारातून बघत होते. मनात म्हणत होते, घाल. घालून बघ. त्यानं गियर टाकला. नांगराचे फाळ जमिनीत गेले आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढं आला. काळ्या जागेजवळ आल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग स्टेअरिंग वळवलं. वळसा घेतला, पण माझ्या अंगानं घेतला, दोन हात आत.

मी अंगण ओलांडून वावराच्या कडेला जाऊन उभी राहिले. मधी भिंत नव्हती, जाऊ नव्हती, कुणीच नव्हतं.

"तिकडून घ्या, भाया," मी म्हणाले. "तिकडून. तुमच्या अंगानं."

ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हणाले, इस्लापूरच्या बाईसारखं, आणि ते मागं घेऊन पलीकडच्या अंगानं वळेपर्यंत तिथून हलले नाही.